दोन्ही घरांना एकच रिसीव्हर

गास, भिंतीच्या पश्चिमेकडून
४ मे २००६

सेलिन टीचर यांस,

वकिलांनी सांगितलं आहे की तुमच्याशी तोंडी काही बोलायचं नाही, जे असेल ते लिहून द्यायचं. म्हणून एका छपराखाली राहून नणंदेला पत्र लिहिते आहे. सिप्रियन पाववाला सकाळी आधी माझ्या ओट्यावर येतो, मग तुमच्या. त्याच्याच टोपलीतून हे पत्र येईल.

माझ्या क्लेटनच्या सांगण्यावरून नालासोपाऱ्याचा जितेश नावाचा माणूस शनिवारी सकाळी येणार आहे. तो रिसीव्हर बसवणार. रिसीव्हर माझ्या बाजूला राहील, पण दोन्ही घरांना एकच. सगळा कंट्रोल रिसीव्हरकडे. तुमच्या बाजूला आईंच्या खोलीत फक्त एक पडदा लावायचा आहे. त्यासाठी मधल्या भिंतीला भोक पाडावं लागेल. कचरा आम्ही उचलू.

मागच्या पत्रात मी इंग्रजी शब्द घातले म्हणून तुम्ही लाल शाईने गोल करून ते परत पाठवलंत. या वेळी होता होईल तो शुद्ध मराठीत लिहिलं आहे. रिसीव्हरला मराठी शब्द सापडला नाही. बाकी सगळं क्लेटनने तुम्हाला टोरांटोहून सविस्तर कळवलं आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

अडकाठी करू नये. तुमचा भाऊ सॅन्टन असता तर ही वेळ आली नसती.

नॅन्सी


गास, भिंतीच्या पूर्वेकडून
५ मे २००६

श्रीमती नॅन्सी तुस्कानो यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहावं, असं मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं. खोटं लिहू नये, असंही त्यांनीच शिकवलं. दोन्ही एकदम पाळता येत नाही, म्हणून पहिलं सोडते.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. 'आडकाठी'तला पहिला 'आ' असतो. बाकीच्या मजकुराला लाल शाई पुरली नसती.

रिसीव्हर म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. आमच्या वडिलांच्या चुलतभावांची राजोडीची वाडी कोर्टाने रिसीव्हरच्या ताब्यात दिली, तेव्हा मी शाळेत होते. भांडणारे दोघे सख्खे भाऊ कुंपणाबाहेर उभे, आणि ज्याचं त्या मातीशी काही नातं नाही असा एक तिऱ्हाईत कुलपं घेऊन आत. तोच नारळ पाडणार, तोच विकणार, तोच हिशेब देणार, तोही कोर्टाला. भाऊ म्हातारे होऊन मेले, वाडीत रान माजलं. आता तोच कारभार तुम्हाला माझ्या बापाच्या घरात आणायचा आहे. 'दोन्ही घरांना एकच'! 'सगळा कंट्रोल रिसीव्हरकडे'! निदान लपवून तरी करायचं होतं.

घराचं वाटप मागणारा दावा तुम्ही लावलात. आई जिवंत असताना, तिच्या डोळ्यांदेखत घराच्या मधोमध भिंत तुम्ही घातलीत. गवंडी विटा रचत होता आणि ती खाटेवरून विचारत होती, 'चूल नवी घालतायत काय?' मी तिला 'हो' म्हटलं. त्या खोट्याचं पाप मी पाद्रीबाबांना सांगून आले, तुम्ही भिंतीचं सांगितलंत की नाही ते तुम्ही जाणा. आणि आता त्या भिंतीला भोक, आणि आईच्या खाटेला पडदा! नव्वदी ओलांडलेल्या बाईला पडद्याआड टाकायचं, म्हणजे रिसीव्हर पाहणी करायला आला की त्याला ती दिसायला नको. छान.

क्लेटनचं पत्र मला आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. ज्याच्या लग्नाला त्याची आईच गेली नाही, त्याला आत्याची आठवण कुठून येणार? एकुलत्या एका मुलाचं लग्न, आणि मांडवात वरमाय नाही! गावभर सांगत फिरलात की गुडघे दुखतात, विमानात बसवत नाही. त्याच गुडघ्यांनी कोर्टाचे जिने मात्र बरे चढता.

मी आजच बॅप्टिस्ट वकिलांकडे जाते आहे. शनिवारी तुमचा माणूस येऊ दे. मी दारात असेन, आणि माझी छत्री माझ्या हातात असेल.

सेलिन तुस्कानो


गास, पश्चिमेकडून
७ मे २००६

टीचर,

काल तुम्ही जे केलंत, ते मी माझ्या ओट्यावरून पाहिलं आणि ऐकलं. कोर्टात विचारलं तर शपथेवर सांगेन, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवते.

जितेश म्हणाला, "मॅडम, ऑर्डर आहे."

तुम्ही म्हणालात, "दाखव. कुठल्या जज्जची?"

"जज्ज नाय मॅडम, क्लेटन सरांची ऑर्डर आहे. सही पायजे फक्त."

"क्लेटन कधीपासून ऑर्डरी काढायला लागला?"

"ऑनलाइन काढली ना मॅडम. एक इकडे टाकायचाय, एक आजींच्या रूममधे टाकायचाय. आजी कुठे आहेत?"

"आजीला हात लावून बघ!"

"हात नाय लावत मॅडम. रिसीव्हर रिक्षात आहे. घेऊन येऊ का आत?"

"त्याला रिक्षातच बसू दे. त्याला सांग, घराची मालकीण अजून जिवंत आहे, आणि तिची मुलगी पण!"

मग तुम्ही छत्री उचललीत. तो बिचारा फाटक न उघडता वरून गेला. त्याची पक्कड अजून तुमच्या अनंताच्या झाडात पडली आहे, ती परत द्या.

आता नीट वाचा. रिसीव्हर म्हणजे कोर्टाचा माणूस नाही. तो काळा डबा आहे, टेपरेकॉर्डरपेक्षा मोठा. कॉम्प्युटरमधून आवाज त्याच्यात जातो, तिथून मोठा होऊन स्पीकरमध्ये येतो. पडदा म्हणजे कॉम्प्युटरचा स्क्रीन. शुद्ध मराठीत लिहायला गेले त्याची ही फळं.

आणि हे सगळं कशासाठी, तेही वाचा. क्लेटनच्या लग्नाची डीव्हीडी कुरिअरने येते आहे. त्याची इच्छा आहे की त्याच्या आजीने लग्न बघावं. आईंना खाटेवरून उठवत नाही. त्यांना माझ्याकडे आणायला तुम्ही देणार नाही. तुमच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. आईंचे कान गेले, म्हणून साधे स्पीकर चालणार नाहीत. म्हणून त्या पोराने तिकडे बसून डोकं चालवलं. कॉम्प्युटर एक, पण त्याला स्क्रीन दोन, एक माझ्या हॉलमध्ये, एक आईंच्या खाटेसमोर. जगात लोक दोन स्क्रीन लावतात ते मोठं काम असतं म्हणून. आपल्याकडे लावायचे, कारण दोन बायका एका स्क्रीनसमोर बसत नाहीत.

तुम्ही इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलंत. तुमच्या पत्रातला 'रिसीव्हर' मी लाल शाईने गोल केला आहे आणि समासात लिहिलं आहे, 'अर्थ पाहा'. लाल पेन आमच्या पतपेढीतही मिळतं.

माझ्या गुडघ्यांबद्दल लिहिलंत त्यावर मी काही लिहीत नाही.

नॅन्सी


गास, पूर्वेकडून
१० मे २००६

नॅन्सीबाई,

क्लेटनचं पत्र काल पोचलं. 'वसई' त्याने असं लिहिलं आहे की ते 'वाशी' वाचलं गेलं आणि पाकीट तिकडे फिरून आलं. त्याचं अक्षर पहिलीपासून तसंच. तेव्हाही मी सांगत होते आणि तुम्ही म्हणत होता, 'लहान आहे अजून'.

रिसीव्हर हा डबा आहे, हे मान्य. पण ज्या घरात पाव आणि वकिलाची नोटीस एका टोपलीतून येतात, तिथे 'रिसीव्हर'चा दुसरा अर्थ कोणाला सुचेल? चूक माझी नाही. तुम्ही लिहिलेली वाक्यं कोणत्याही शहाण्या माणसाला वाचायला द्या.

पक्कड सिप्रियनच्या टोपलीत ठेवली आहे. पावाला तेल लागलं असेल तर त्याची जबाबदारी माझी नाही.

आईला विचारलं. कानाशी तोंड नेऊन तीनदा ओरडले, 'क्लेटनचं लग्न बघायचं?' ती म्हणाली, 'लाल लुगडं काढ.' तिचं ते लग्नकार्याचं लुगडं पेटीच्या तळाशी होतं. काढून दिलं. काल दुपारपासून ते छातीशी धरून झोपली आहे, 'अजून वेळ आहे' म्हटलं तरी सोडत नाही. कितीदा 'आज आहे का?' म्हणून विचारलं असेल, त्याला गणती नाही. या वयात उद्याचं काही सांगता येत नाही. म्हणून, आणि केवळ म्हणून, जितेशला येऊ दे. छत्री मी आत ठेवीन.

मात्र भोक अंगठ्याएवढंच पडेल. त्याहून सूतभर मोठं नाही. मोठ्या भोकातून काय काय शिरतं, ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट उशिरा कळवते. बॅप्टिस्ट वकिलांनी 'या मिळकतीवर रिसीव्हर नेमू नये' असा अर्ज सोमवारीच कोर्टात दिला. मागे घ्यायला सांगितला आहे. ते म्हणाले, अर्ज म्हणजे काही रुमाल नाही, पडला की उचलला.

सेलिन तुस्कानो


गास, पश्चिमेकडून
११ मे २००६

टीचर,

अंगठा कोणाचा? वायरीच्या टोकाला चपटं डोकं असतं, त्याला दोन्ही बाजूंना स्क्रू. ते अंगठ्याएवढ्या भोकातून जात नाही. जितेश म्हणतो, मुठीएवढं लागेल. मी म्हटलं, टीचरच्या मुठीएवढं पाड, ती नेहमी आवळलेलीच असते.

शनिवारी सकाळी येतो. तो घाबरला आहे. त्याला निदान पाणी विचारा.

नॅन्सी


गास, पूर्वेकडून
१४ मे २००६

नॅन्सीबाई,

पाणी विचारलं. सरबतही दिलं. माणूस वाईट नाही, तुमच्या संगतीत राहून लवकरच होईल.

आता तक्रार. काल तो गेल्यावर तुमच्याकडचा पांढरा बाण माझ्या घरात शिरला. मी आईच्या खाटेशेजारी रोझरी म्हणत होते. समोरच्या स्क्रीनवर नुसता निळा रंग होता. एकाएकी डाव्या कडेने, म्हणजे बरोबर भिंतीच्या बाजूने, तो बाण आत आला. इकडे तिकडे हुंगत फिरला, वर गेला, खाली आला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. भिंतीपलीकडे तुम्ही ओरडत होता, 'आता इथं होता, कुठं तडफडला मेला!' मी भोकातून सांगणार होते की तुमचा मेला माझ्याकडे आहे. पण वकिलांनी बोलायला मनाई केली आहे. भिंत घालायची तुम्ही आणि बाण पाठवायचा पण तुम्हीच. कोर्टात याला अतिक्रमण म्हणतात.

त्यानंतर क्लेटनचा फोटो आला. अर्धा. त्याचा उजवा कान, अर्धं नाक आणि एक हात तुमच्याकडे राहिला. बाकीचा माझ्याकडे उभा. आई कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, 'पोराचा दुसरा हात कुठं गेला? तिकडं बर्फात गेला काय?'

मी तिच्या कानात ओरडले, 'दुसरा हात नॅन्सीकडे आहे.'

ती म्हणाली, 'मग जा, घेऊन ये.'

तिला मी काय सांगू, ते तुम्ही कळवा. जितेशला परत बोलवा. मला अख्खा मुलगा हवा आहे.

सेलिन तुस्कानो


गास, पश्चिमेकडून
१६ मे २००६

टीचर,

जितेश कामावरून जाता जाता येऊन गेला. कॉम्प्युटरला वाटलं, दोन स्क्रीन म्हणजे एकच लांब खोली, म्हणून बाण इकडून तिकडे जात होता आणि फोटो मधोमध फुटत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत मध्ये भिंत आहे. आता त्याला सांगितलंय की जे इकडे तेच तिकडे दाखव. अख्खा क्लेटन दोघींना मिळेल. बाण पण दोघींना दिसेल, त्याला इलाज नाही.

आवाजाचं मात्र घोडं अडलं. रिसीव्हरला पुढे दोन बटणं आहेत, ए आणि बी. ए म्हणजे माझ्या हॉलमधले स्पीकर, बी म्हणजे आईंच्या खोलीतले. दोन्ही एकदम दाबली की लाल दिवा लागतो आणि डबा आपोआप बंद पडतो. जितेश म्हणतो, डबा जुना, स्पीकर भारी, दोन्हीकडच्या मिळून चारचा भार त्याला ओढवत नाही. कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर लावावेत तर ते ज्या भोकात जातात, तिथेच रिसीव्हरची वायर बसली आहे. म्हणजे एका वेळी एकच, ए नाहीतर बी.

रविवारी चार वाजता डीव्हीडी लावणार आहे. राजोडीहून माझा भाऊ व्हिन्सेंट आणि माहेरची माणसं येतील, पतपेढीतल्या बायका येतील. लग्नाला कोणाला बोलावता आलं नाही, निदान जेवायला तरी बोलावते.

तुमच्या अर्जाची प्रत मला मिळाली. अभिनंदन. माझे वकील सांगतात, रिसीव्हर कोणी मागितलाच नव्हता. जज्जसाहेबांनी तुमचा अर्ज वाचला आणि विचारलं, मागितला नाही तर नाही का म्हणता? या दोघींची भांडणं एवढी असतील तर नेमलेला बरा. आता आपण दोघींनी जूनच्या तारखेला लेखी सांगायचं आहे, रिसीव्हर का नको. नाही सांगितलं तर खराच येईल, कुलूप घेऊन. आईंची खाट कुठे ठेवायची ते मग त्याला विचारा. छत्री जपून ठेवा, लागेल.

नॅन्सी


गास, पूर्वेकडून
१८ मे २००६

नॅन्सीबाई,

म्हणजे बटण तुमच्याकडे. हे सुरुवातीलाच सांगितलं असतंत तर भोक पाडूच दिलं नसतं.

मी तुम्हाला ओळखते. तुमच्या हॉलमध्ये तुमचं सगळं माहेर मांडीला मांडी लावून बसलेलं असेल. मुलाच्या लग्नाचा बँड वाजत असेल. तुम्ही ए दाबाल, आणि माझी आई लाल लुगडं नेसून मुक्या चित्रासमोर बसेल. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणाल, 'म्हातारीला नाहीतरी ऐकू येत नाही.' हे वाक्य तुम्ही पूर्वी म्हटलेलं आहे, सॅन्टन गेल्यावर त्याच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चच्या पायरीवर. मी दोन पायऱ्या खाली उभी होते.

तिला ऐकू येतं. मोठ्याने सांगणारं माणूस लागतं, एवढंच.

तसं झालं तर वायर मी माझ्या बाजूने ओढीन आणि तुमचा डबा भोकापर्यंत येईल. मूठ माझी आहे, हे लक्षात असू द्या.

कोर्टाला द्यायचा मजकूर मी लिहीन. तुम्ही सही करा. रिसीव्हर नको, एवढ्या एका गोष्टीवर तरी आपलं एकमत आहे असं समजते.

सेलिन तुस्कानो


गास, पश्चिमेकडून
१९ मे २००६

टीचर,

डबा माझा, बटण माझं, बोटही माझंच. रविवारी चारला आईंना नेसवून तयार ठेवा. उशी पाठीला द्या, म्हणजे मान अवघडणार नाही.

नॅन्सी


गास, पूर्वेकडून
२२ मे २००६

नॅन्सी,

काल आईला दुपारपासूनच नेसायचं होतं. नेसवलं. केसांत अबोली माळली, ती पण तिने मागितली. चार वाजता स्क्रीन उजळला, तुमचा तो बाण फिरला, आणि चर्चमधल्या ऑर्गनचा पहिला सूर एवढ्या जोरात आला की भिंतीवरची पवित्र कुटुंबाची तसबीर थरथरली.

आईने मान वळवली. आवाजाच्या दिशेने. ती शेवटची अशी कधी वळली होती, ते मला आठवत नाही. आम्ही तिच्याशी बोलतो तेव्हा ती आमच्या ओठांकडे बघते. काल ती ऐकत होती.

मी खुर्चीवर वाट बघत बसले, आता बंद होईल, आता बंद होईल. वायर मी हाताशी घेऊन ठेवली होती, खोटं कशाला लिहू. नवरी आत आली, बंद झालं नाही. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, बंद झालं नाही. शेवटी मी उठून भोकाला कान लावला. त्याची लाज वाटत नाही, भिंतीची अर्धी बाजू माझी आहे. तुमच्याकडे इतकी माणसं असून सामसूम. व्हिन्सेंट विचारत होता, 'अगं, इकडचा आवाज कुठाय? सगळे मुक्यासारखे तोंडं हलवतायत.'

तुम्ही म्हणालात, 'मशीन बिघडलंय. तू वडे खा.'

मशीन बिघडलं नव्हतं. इकडे ते कानठळ्या बसवत होतं.

पुढे टोस्ट झाला. क्लेटन पेला घेऊन उभा राहिला आणि आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत बोलला. त्याने सांगितलं की मम्मीने व्हिसासाठी अर्ज केला, तो नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. म्हणाला, 'ती गावात सांगणार नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगेल. म्हणून मी इथे सांगतो, माझी आई घरी बसली ती तिच्या मर्जीने नाही.' त्यापुढे जे बोलला ते मी लिहिणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. ज्या कानांसाठी होतं, ते भिंतीपलीकडे वड्यांची ताटं फिरवत होते. आता बटण ए वर करा आणि ऐका. एकट्या ऐका.

५ मेच्या पत्रात मी तुमच्या गुडघ्यांबद्दल आणि वरमायेबद्दल लिहिलं होतं. ती वाक्यं मागे घेते. तेवढीच. बाकीचं पत्र जसंच्या तसं आहे.

टोस्ट संपताना आई ओरडली, 'वरमाय कुठाय? नॅन्सी कुठाय? तिला बोलवा!' तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. मी तुम्हाला आणायला उठले. पण माझ्या दारातून बाहेर पडायचं, विहिरीला वळसा घालायचा, माझं फाटक, मग रस्ता, मग तुमचं फाटक, आणि इकडे आई एक पाय खाटेखाली सोडून तुम्हाला शोधायला निघालेली. तिला एकटी टाकता येईना. म्हणून भोकातून हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्याच खोलीत टाळ्यांचा एवढा गजर होता की तुम्हाला ऐकू गेलं नसावं. गेलं असेल तर वकिलांना सांगू नका.

म्हणून कळवते की भोक लहान पडतं. जितेश नको, गवंडी बोलवा. आईची खाट सरळ जाइल एवढं रुंद, आणि मला मान वाकवावी लागणार नाही एवढं उंच. मी मान वाकवत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तुम्हाला त्याला दार म्हणायचं असेल तर म्हणा. कडी माझ्या बाजूला राहील.

कोर्टाचा मजकूर असा: 'या घरात एक रिसीव्हर आहे. तो दोन्ही घरांना एकच असून दोन्ही पक्षकारांच्या संमतीने चालतो. दुसऱ्याची गरज नाही.' बॅप्टिस्ट वकील म्हणतात, असं कोर्टात लिहीत नाहीत. मी म्हटलं, वाक्य शुद्ध आहे, तुम्ही सहीची जागा दाखवा. तुमच्या सहीसाठी कागद सोबत आहे. सही मराठीत करा आणि ओळीवर करा.

सेलिन


गास, पश्चिमेकडून
२३ मे २००६

टीचर,

सही केली आहे, ओळीवर. तुमचं पत्र मात्र परत पाठवते. 'जाईल' मधला 'ई' दीर्घ असतो. लाल शाईने गोल केला आहे.

हाक ऐकू आली होती. उठलेही होते. माहेरच्या सगळ्यांच्या मांड्या ओलांडून दारापर्यंत येते तोवर तुमच्याकडचं गाणं सुरू झालं होतं, आणि आईंचा आवाज त्यात मिसळून येत होता. मग दारातच उभी राहून ऐकलं. वकिलांना सांगितलेलं नाही.

चर्चच्या पायरीवर मी ते म्हटलं होतं, हे खरं आहे. तुम्ही खाली उभ्या आहात, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी म्हटलं असतं, तेव्हा.

आग्नेल गवंडी गुरुवारी येतो. भिंत त्यानेच घातली होती, तो हसला. त्याला हसण्याचे वेगळे मिळणार नाहीत, असं मी सांगितलं आहे. माप खाटेचं घेईल, मानेचं तुम्ही द्या. कडी दोन्ही बाजूंना, नाहीतर विटा परत रचायला सांगते.

क्लेटन काय बोलला ते मी अजून ऐकलेलं नाही, भिंतीतून नुसता घुमारा आला, शब्द नाही. एकटीने ऐकायचं नाही मला. बटण बी वरच आहे. गुरुवारी वाट मोकळी झाली की तिकडे येऊन ऐकेन. माझी खुर्ची मी घेऊन येईन, तुमची नको.

वरमाय येते आहे, असं आईंना सांगा. कानाशी, मोठ्याने.

नॅन्सी